हर्णै ते पुणे: बर्फातली मासळी शिळी कशी होते आणि ती सांभाळायची कशी

मार्गशीर्ष लागायच्या आत घरात मासळी भरून ठेवायची, या आमच्या घरच्या जुन्या हव्यासापायी मी एकदा कोकणातल्या हर्णै बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावातून चार किलो बांगडा घेतला. डोळे काचेसारखे, कल्ले लालभडक, पाठीवरची निळी-हिरवी चमक जशीच्या तशी. माल उत्तम होता, त्याबद्दल आजही शंका नाही. तो मी एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरला, वर किलोभर बर्फ टाकला, तोंड गच्च बांधलं आणि गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला निघालो. घाट, चहा, ट्रॅफिक, सगळं धरून सहा तास झाले.

पिशवी उघडली तेव्हा वरचे बांगडे ठीक होते. खालचे लालसर कोमट पाण्यात पोहत होते. वास मात्र नावं ठेवण्यासारखा नव्हता, म्हणून धुतले, मीठ-हळद-आगळ लावलं आणि तळले. जेवण होऊन अर्धा तास झाला असेल, मावशीचा चेहरा कुंकू फासल्यासारखा लाल झाला, माझं डोकं ठणकायला लागलं आणि ओठांना मिरी चावल्यासारखी चुणचुण सुटली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बांगडा खाल्लात का?"

रात्री मामाला फोन केला. मामाची हयात बोटीवर गेली. त्याने एवढंच विचारलं, "बर्फ वर टाकलास, मग खाली काय टाकलंस?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाजारात सगळे विचारतात, "ताजी आहे का?" आणि उत्तर कायम "आजचीच आहे!" असंच येतं. विचारायला हवं ते वेगळं: मासा मेल्यापासून किती वेळ गेला, आणि तो वेळ किती गरमीत गेला? हा हिशेब एकदा डोक्यात बसला की खरेदी, प्रवास, फ्रीज हे सगळं त्याच एका धाग्यात येतं.

आधी घड्याळ समजून घेऊ

मासा मेला की त्याच्या अंगात दोन कामं सुरू होतात आणि दोन्हींचा वेग वेगळा असतो. पहिलं काम त्याच्या स्वतःच्या पाचकद्रव्यांचं, म्हणजे एन्झाइमांचं. दुसरं जिवाणूंचं. बहुतेक लोक दोन्हींना मिळून "खराब होणं" म्हणतात, पण ताटातला फरक इथेच पडतो.

जिवंत माशाच्या स्नायूंना ताकद पुरवणारा एटीपी नावाचा पदार्थ मेल्यावर संपत जातो. तो संपला की मासा ताठ होतो. हातात आडवा धरला तरी शेपटी लोंबत नाही, तो हा काळ. उन्हाळ्यात आणि धडपडून मेलेल्या माशात ही ताठरता लवकर येते आणि लवकर सुटते. एटीपी तुटत तुटत त्यापासून आयएमपी तयार होतं. ताज्या मासळीला जी गोडसर, भरलेली चव असते तिच्यात याचा मोठा वाटा आहे. पण तोडफोड तिथे थांबत नाही. पुढे आयनोसिन आणि शेवटी हायपोझँथिन होतं, आणि ते चवीला कडवट लागतं. जपानी संशोधकांनी १९५९ मध्ये याच साखळीवरून ताजेपणाचं एक माप काढलं. त्याला के-व्हॅल्यू म्हणतात. हा आकडा जितका कमी तितका मासा ताजा. कच्चा खायचा मासा साधारण वीस टक्क्यांच्या आत लागतो.

या टप्प्यात जिवाणूंनी अजून फारसं काही केलेलं नसतं. म्हणून बर्फात नीट ठेवलेल्या माशाची चव आधी जाते आणि वास बऱ्याच दिवसांनी येतो. सुरुवातीचे दिवस गोड, मग मधले बरेच दिवस बेचव पण निर्दोष, मग आंबूस-हिवसाण, आणि शेवटी सडका. हॉटेलात सुरमई खाऊन "वाईट नव्हती, पण काही मजा नाही" असं वाटतं ना? ती त्या मधल्या टप्प्यातली असते. ती बाधत नाही, पण तिचे ताज्याचे पैसे द्यायचं कारण नाही.

आता जिवाणू. जिवंत निरोगी माशाचं मांस आतून निर्जंतुक असतं. जिवाणू असतात कातडीवरच्या चिकट्यात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. मासा मेला की ते आत शिरू लागतात. गोमांस किंवा बकऱ्याच्या मटणाच्या मानाने माशाचं मांस कमी आंबट असतं, त्यातला चिवट धागाही कमी, त्यामुळे जिवाणूंना वाट मोकळी मिळते. बर्फाच्या थंडीतही तग धरणाऱ्यांत शेवानेला आणि स्यूडोमोनस हे दोन मुख्य. शेवानेला सडक्या अंड्याचा वास देतो, स्यूडोमोनस कधी कधी कुजक्या फळासारखा गोडसर.

समुद्रातल्या माशांच्या अंगात खाऱ्या पाण्याशी तोल राखायला टीएमएओ नावाचा एक बिनवासाचा पदार्थ असतो. जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात. आपण ज्याला हिवसाण म्हणतो त्यातला मोठा भाग हाच. हा पदार्थ अल्कधर्मी असल्याने आंबटाशी त्याची गाठ पडली की तो उडून नाकापर्यंत येत नाही. आमसूल, आगळ, चिंच, लिंबू या सगळ्यांचा मासळीशी संसार जमला, त्यामागे चवीसोबत हेही कारण आहे. मात्र आगळ वास दाबतो, शिळेपण परत घेत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशांत टीएमएओ फारसा नसतो. त्यामुळे भिगवणच्या चिलापीला किंवा बाजारातल्या रोहू-कटल्याला नाक लावून "वास नाही म्हणजे ताजा" असं म्हणू नका. तिथे कल्ले आणि हाताला लागणारा घट्टपणा बघायचा.

गरमीचा हिशेब असा. बर्फावर, म्हणजे शून्य अंशाला, खराब होण्याचा जो वेग असतो तो पाच अंशाला सव्वादोन पट होतो आणि दहा अंशाला चौपट. आपल्या उष्ण समुद्रातल्या माशांसाठी पंचवीस-तीस अंशाला तो पंचवीस-तीस पटींच्या आसपास जातो. साध्या भाषेत, पिशवीत उघड्यावर गेलेला एक तास म्हणजे बर्फातला जवळजवळ एक दिवस. बाजारातून घरी यायला दीड तास लावलात, वाटेत भाजी घेतलीत, शेजाऱ्यांशी बोलत उभे राहिलात, तर बोटीवर दीड दिवस जपून आणल्याचं मोल तिथेच फुकट गेलं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. थंड समुद्रातल्या माशावरचे जिवाणू मुळातच थंडीला सरावलेले असतात, त्यांना बर्फाचं काही वाटत नाही. अरबी समुद्राच्या कोमट पाण्यातले जिवाणू शून्य अंशाला गारठतात आणि थंडी सोसणारे वाढायला वेळ घेतात. म्हणून आपल्याकडचे काही पांढऱ्या मांसाचे मासे नीट बर्फात दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतात. अट एकच: बर्फ लगेच मिळाला पाहिजे आणि मध्ये कधी तुटता कामा नये.

पहिली पायरी: विकत घेताना माशाचं वय काढा

एक भ्रम आधी काढून टाकू. धक्क्यावर आज उतरलेली मासळी आजच पकडलेली असेलच असं नाही. सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्या छोट्या होडीचा माल काही तासांचा असतो. ट्रॉलर बरेच दिवस समुद्रात राहतो आणि त्याच्या पोटातल्या बर्फाच्या खणात पहिल्या दिवशीचा आणि शेवटच्या दिवशीचा माल एकत्रच असतो. जून-जुलैच्या बंदीकाळात, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटी एकसष्ट दिवस बंद असताना, जी मोठी मासळी दिसते ती बहुधा पूर्व किनाऱ्यावरून ट्रकने आलेली किंवा शीतगृहातली. त्यात वाईट काही नाही, पण मग "ताजी" हा शब्द विसरून तिचे दिवस मोजायचे.

"मावशी, जरा कल्ला उघडून दाखवा" म्हणायला लाजू नका. ज्या मावशीचा माल चांगला असतो तीच आधी कल्ला उघडून पुढे करते.

कल्ले ताजे असताना लालभडक आणि त्यावरचा चिकटा पाण्यासारखा स्वच्छ असतो. दिवस गेले की रंग विटकरी, मग तपकिरी, मग करडा होतो आणि चिकटा दुधाळ, पुढे पिवळट पडतो. पण बर्फाचं पाणी सतत कल्ल्यांतून वाहिलं तर निर्दोष माशाचेही कल्ले फिके पडतात. म्हणून रंग फिका दिसला की लगेच नाक लावा. वास समुद्राचा, शेवाळाचा, किंवा कापलेल्या काकडीसारखा आला तर मासा चांगला आहे. काकडीची ही उपमा ऐकून लोक हसतात, पण अगदी ताज्या माशात चरबीतून तयार होणारे काही पदार्थ खरोखर त्या जातीच्या वासाचे असतात.

डोळ्यांवर एकट्यावर विसंबू नका. ते फुगीर आणि काळेभोर असतील तर उत्तम, सपाट झाले तर काही दिवस गेलेत, खोल गेले आणि पांढरे झाले तर पुढे चला. मात्र बर्फाचा तुकडा थेट डोळ्यावर बसला तर ताज्या माशाचा डोळाही धुरकट होतो. खोलावर टाकलेल्या जाळ्यातून झपकन वर आलेल्या माशाचे डोळे दाबाच्या फरकाने बाहेर आलेले असतात, तो काही ताजेपणाचा पुरावा नव्हे.

मग अंगठा. पाठीवर, मधोमध, हलकेच दाबून सोडा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. खळगा तसाच राहिला तर मांस सैल झालंय. पोटही दाबून बघा, कारण पोटाची भिंत सगळ्यात आधी जाते. तारली, मांदेली यांसारखे छोटे मासे भरपेट खाऊन पकडले गेले की त्यांची स्वतःचीच पाचकद्रव्यं आतून पोट खातात आणि तासांत पोट फुटतं. पोट फुटलेल्या तारलीची पाटी कितीही स्वस्त असली तरी नको.

मोठा मासा कापून घेणार असाल तर कापतानाच कण्याजवळ बघा. रक्त लाल आणि तिथल्या तिथे असेल तर चांगलं. ते मांसात पसरून कण्याकडेने तपकिरी पट्टा दिसत असेल, मांस हाडापासून आपोआप सुटत असेल, तर सुरमई बऱ्याच दिवसांची आहे. मधल्या तुकड्या आधीच कापून ठेवलेल्या दिसल्या की मी सहसा घेत नाही, कारण डोकं आणि कल्ले गेले म्हणजे साक्षीदारच गेले.

काही मासळीला वेगळे नियम लागतात. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्याला अंगठ्याने दाबून काही कळत नाही. तिथे अंग पारदर्शक, तोंडाशी गुलाबी झाक आणि कातडी न सोललेली बघायची. तो विकत घेतल्या दिवशीच संपवायचा, ही त्याची अट. पापलेटच्या कल्ल्याजवळ दाबून पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं, असं आमची आई म्हणायची. मी ते अजून करतो, पण शेवटचा निर्णय अंगठ्यावरच सोडतो. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. तिच्या कवचावर आणि शेपटीशी पडणारे काळे डाग जिवाणूंचे नसतात. कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याच जातीची ती एन्झाइमांची करणी आहे. डाग थोडे असतील आणि वास स्वच्छ असेल तर कोळंबी खायला हरकत नाही, भाव मात्र पाडून घ्या. डोक्यातलीच द्रव्यं मांस पिठूळ करतात, म्हणून घरी आल्या आल्या डोकी काढायची. आणि मुशी, वागळी यांच्या अंगात युरिया असतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात. मुशीला मुतारीचा वास येऊ लागला की ती गेली, मग कितीही खोबरं-तिरफळं घाला.

मासा शिळा आहे पण विचित्र कडक आहे, वास काहीच नाही, माशीही बसत नाही, अशा वेळी लोकांच्या तोंडी फॉर्मलिनचं नाव येतं. २०१८ मध्ये गोव्यात यावरून मोठा गदारोळ झाला आणि बाहेरून येणारी मासळी काही काळ थांबवली गेली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मल्डिहाइड आणि अमोनिया ओळखायच्या कागदी पट्ट्या काढल्या आहेत, शंका असेल तर त्याच वापराव्या. एक लक्षात ठेवा, टीएमएओ तुटताना काही माशांत थोडं फॉर्मल्डिहाइड आपसूक तयार होतं आणि बोंबील त्यात पुढे आहे. बोंबलावर पट्टीचा रंग पालटला म्हणून विकणारीवर लगेच आळ घेऊ नये.

दुसरी पायरी: पेटीत भरण्याआधी गार करा

मी केलेली पहिली चूक म्हणजे गरम मासे तसेच पिशवीत टाकले. तीस अंशाचा मासा शून्यावर आणायला किती बर्फ लागतो, ते एकदा मांडून बघू. किलोभर मासा एक अंशाने थंड करायला साधारण पाऊण-एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, आपण ०.८ धरू. दहा किलो मासा, तीस अंश, म्हणजे २४० किलोकॅलरी. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे तीन किलो बर्फ नुसता मासा गार करण्यातच संपला, प्रवास अजून सुरूही झाला नाही. पेटीच्या भिंतीतून येणारी गरमी आणि झाकण उघडझाप धरली की आपल्या हवेत माशाइतकाच बर्फ, किलोला किलो, हा जुना नियम बरोबर ठरतो. उन्हाळ्यात मी किलोला सव्वा किलो घेतो. माझ्या त्या चार किलो बांगड्यांना एक किलो बर्फ म्हणजे नुसता टिळा लावल्यासारखा होता.

बंदरावरच एक बादली घ्या. त्यात अर्धा बर्फ, अर्धं पिण्याचं पाणी आणि लिटरला तीसेक ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतका खारटपणा. छोटे मासे वीस-तीस मिनिटं त्यात बुडवून ठेवा. पाणी माशाला सगळीकडून भिडतं, त्यामुळे नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा ते फार लवकर गार करतं. नुसतं गोडं पाणी वापरलं की कल्ले आणि कातडी लवकर विटतात. पण मासे तासन्‌तास खारट पाण्यात ठेवू नका, मीठ मांसात उतरतं. आणि जेटीच्या बाजूचं पाणी बादलीत भरून मासे धुऊ नका. तिथे बोटींचं तेल, आतडी, सगळंच असतं.

मोठ्या माशाचं, म्हणजे सुरमई, रावस, घोळ यांचं पोट साफ करून आणि कल्ले काढून घ्या. जिवाणूंचे दोन मोठे साठे तिथेच गेले. पोटाची पोकळी स्वच्छ धुवा आणि आत मूठभर बर्फ भरा. छोटे मासे अख्खेच ठेवलेले बरे, कापाकापीत जितकं मांस उघडं पडेल तितकं जिवाणूंना अंगण मोठं.

तिसरी पायरी: पेटी भरा

इथे मामाचा प्रश्न येतो.

पेटी थर्माकोलची चालेल, भिंत निदान दीड-दोन इंच हवी. तळाशी एका कोपऱ्यात बोटाएवढं भोक पाडा. प्रवासात ते कोपऱ्याकडे उतार राहील अशी पेटी किंचित तिरकी ठेवा आणि भोकाखाली एक पसरट डबा. वितळलेलं पाणी जाता जाता माशावरचा चिकटा, रक्त आणि जिवाणू धुऊन नेतं. ते बाहेर पडलं तर फायदा. तळाशी साचलं तर खालचे मासे सगळ्यांच्या घाणीत भिजत पडतात. माझे खालचे बांगडे असेच भिजले.

बर्फ खाण्यायोग्य पाण्याचा हवा. २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आला आहे. माशावर निळसर बर्फ दिसला तर तो विक्रेता बदला. लादी विकत घेतलीत तर गोणपाटात गुंडाळून लाकडी दांड्याने फोडून घ्या, खडा सुपारीएवढा झाला पाहिजे. मोठे टोकदार तुकडे माशाला एका बिंदूला टेकतात, बाकीचा मासा हवेत राहतो, शिवाय कातडीला जखमा करतात.

आता थर. तळाला दोन इंच बर्फ. त्यावर माशांचा एकच थर. त्यावर बर्फ, मासे पूर्ण झाकतील एवढा. पुन्हा मासे, पुन्हा बर्फ, कडेलाही बर्फ, वर तीन इंच. पोट साफ केलेला मोठा मासा पोट खाली करून ठेवा म्हणजे आत पाणी साचत नाही. थर एकच का, तर बर्फ फक्त बाहेरून गारवा देतो आणि ढिगाच्या मध्यापर्यंत तो पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ढीग दुप्पट जाड केलात की वेळ चौपट. अर्ध्या फुटाच्या ढिगात मधला मासा पुण्यापर्यंतही गार होत नाही.

कापलेल्या तुकड्या उघड्या बर्फात टाकू नका, वितळलेलं पाणी त्यातली चव धुऊन नेतं. पातळ पिशवीत एकेक थर चपटा भरून, हवा काढून, त्या पिशव्या बर्फाच्या मध्ये ठेवा.

पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या पेटीत ठेवायची युक्ती बरेच जण करतात. अडीनडीला चालते. पण बाटली माशाला एका रेषेत टेकते, वितळणारा खडा सगळीकडून. बर्फ वितळतोय म्हणजे काम चाललंय, त्याला बघून हळहळू नका. तासा-दोन तासांनी पेटी उघडून बघण्याची सवय मात्र सोडा. तीन तासांहून मोठा प्रवास असेल तर अर्ध्या वाटेवर एकदाच उघडून वर बर्फाची भर घाला. बर्फात मीठ टाकून "आणखी थंड" करायचा मोह होतो, तोही नको. तापमान शून्याखाली गेलं की माशाचे बाहेरचे थर हळूहळू अर्धवट गोठतात आणि सुटल्यावर मऊ पडतात.

बांगडा, तारली, कुपा (ट्यूना): इथे नाक कामाचं नाही

या तिघांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण त्यांनी मला शिकवलं आहे. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा गरमीत पडला की काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही, आणि त्याला ठरलेला असा वासही नाही. जास्त झालेला मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पुरळ, तोंडात मिरमिर, छातीत धडधड सुरू होते. लोकांना वाटतं मासळीची ॲलर्जी आली. पुष्कळदा दोष त्या माशाने उन्हात काढलेल्या दोन-तीन तासांचा असतो. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थांबू नका, दवाखाना गाठा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात मासळीत हिस्टामिनची कमाल मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे, पण ताटात ते मोजणार कोण? म्हणून बांगडा, तारली आणि कुपा पकडल्यापासून थेट बर्फातच हवेत, आणि तळाशी कोमट पाणी साचलेली पाटी दिसली तर वास चांगला असला तरी घेऊ नये.

याच माशांच्या चरबीला हवेची बाधाही लवकर होते. फ्रीझरमधला बांगडा दोन महिन्यांनी पोटाशी पिवळट पडतो आणि जुन्या तेलासारखा खवट लागतो, ती हीच गोष्ट. इथे जिवाणूंचा काही संबंध नाही.

चौथी पायरी: घरी आल्यावर

"आता फ्रीजमध्ये टाकलं, सुटलो" असं समजू नका. घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर चालतो, दाराच्या कप्प्यात त्याहून जास्त. म्हणजे पेटीतल्या बर्फापेक्षा तिथे मासा दुपटीने लवकर जुना होतो. उद्या करायची मासळी असेल तर मी असं करतो: एक खोल पातेलं, त्यावर चाळणी, चाळणीत बर्फ, मासे, पुन्हा बर्फ, वर झाकण, आणि हे सगळं फ्रीजच्या मागच्या बाजूला. पाणी खाली पातेल्यात गळतं, मासा पाण्यात न भिजता बर्फात राहतो. सकाळी पाणी ओतून टाकायचं. पातेलं नसेल तर दिवसाच्या आत संपवा.

मीठ-हळद लावून ठेवण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण ती एका रात्रीपुरती. मीठ पाणी ओढतं आणि वरच्या वर थोडा आळा घालतं, एवढंच.

पाचवी पायरी: फ्रीझर

गोठवायचं तर ताजंच गोठवा. तीन दिवस फ्रीजमध्ये राहून "आता खराब होईल" म्हणून फ्रीझरमध्ये गेलेली सुरमई तीन दिवस जुनीच बाहेर येते.

उणे एक ते उणे पाच अंशांच्या पट्ट्यात माशातल्या बहुतेक पाण्याचं बर्फ होतं. मासा या पट्ट्यातून जितका हळू जाईल तितके स्फटिक मोठे होतात, पेशी फाटतात, आणि सुटल्यावर रस ताटलीत आणि मांस दोरीसारखं होतं. घरच्या फ्रीझरला जोर कमी, म्हणून आपण जाडी कमी करायची. तुकड्या एका थरात, चपट्या पिशवीत, हवा काढून, आणि गोठेपर्यंत पिशव्या एकमेकींवर न रचता. कोळंबी आणि छोटे मासे डब्यात पाणी भरून गोठवण्याची पुण्या-मुंबईची जुनी रीत आहे. तिने हवा लागत नाही, खवटपणा आणि कोरडेपणा टळतो, पण डबा जाड असेल तर गोठायला रात्र लागते. मी मध्यम मार्ग काढलाय: आधी चपटं गोठवायचं, मग प्रत्येक तुकडी क्षणभर बर्फाच्या पाण्यात बुडवून परत गोठवायची. अंगावर बर्फाचा पातळ काचेसारखा थर चढतो. उणे अठराला असा बांगडा दोन-तीन महिने, पापलेट-रावस चार-सहा महिने चांगला राहतो. पिशवीवर तारीख लिहा. सगळ्या पिशव्या महिन्याभरात सारख्याच दिसू लागतात.

सोडवायचा तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. घाई असेल तर बंद पिशवी थंड पाण्यात. ओट्यावर दुपारभर ठेवलीत तर बाहेरचा थर तीस अंशाला आणि मध्य अजून दगड, अशी दुहेरी हानी होते.

शंका आली तर

कण्याजवळ अंगठा लावा. मांस हाडापासून पिठासारखं सुटलं, चिकटा पिवळा आणि दोरी ओढल्यासारखा, वास अमोनियाचा किंवा सडक्या अंड्याचा असेल, तर बेसन, तिरफळ, आगळ यांतल्या कशानेही ते झाकू नका, टाकून द्या. बेचव पण निर्दोष वाटला तर तळण्यापेक्षा कालवणात किंवा भुजण्यात घाला, मसाला त्याची उणीव भरून काढतो. बांगडा-तारलीच्या बाबतीत मात्र शंका आली म्हणजे कुत्र्या-मांजरालाही नको.

शेवटी पेटी. थर्माकोलच्या दाण्यांच्या फटीत चिकटा अडकून राहतो आणि पुढच्या खेपेला तोच विरजणासारखा काम करतो. गरम पाण्याने धुऊन, चमचाभर ब्लीच बादलीभर पाण्यात घालून दहा मिनिटं भरून ठेवायची, परत धुवायची आणि कडक उन्हात झाकण काढून पालथी टाकायची. पुण्याच्या गच्चीवर माझी पेटी वाळत असताना शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "तळाला भोक पडलंय, फेकून का देत नाही?" त्यांना मी त्या बांगड्याची गोष्ट सांगितली. आता त्यांच्याही पेटीला भोक आहे.